अक्षरं उशिरा उमटतात तेव्हा

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. सोसायटीची वार्षिक सभा एकदाची पार पडलेली, आणि सचिव असलेल्या बाई घरच्या डेस्कटॉपवर इतिवृत्त टाइप करत बसलेल्या. ‘सभेच्या अध्यक्षस्थानी’ एवढं लिहून त्यांनी कीबोर्डवरून मान वर केली, तर स्क्रीनवर नुसतं ‘सभे’. चार-पाच सेकंद काहीच हललं नाही. मग उरलेली सगळी अक्षरं एकदम येऊन आदळली, आणि मधल्या काळात घाबरून दाबलेल्या चार स्पेसही त्यांच्या मागोमाग आल्या. त्याच कॉम्प्युटरवर मागच्या बाजूला मुलाचा साठ जीबीचा गेम उतरत होता. “आई, तुझ्या टायपिंगला नेट लागतच नाही, मग माझ्या डाउनलोडचा काय संबंध?” तो म्हणाला. त्यावर बाई म्हणाल्या, “मला नाही कळत. पण मागच्या महिन्यात नेट वाढवून घेतल्यापासून हा जास्तच रेंगाळतोय.”

दोघांचंही बरोबर होतं, आणि तेच डोक्यातून जात नाही. चाळीस एमबीपीएसचं कनेक्शन दोनशेचं केलं आणि कॉम्प्युटर मंदावला, हे ऐकायला उलटं वाटतं. अशा वेळी घरोघरी दोनच निदानं होतात: ‘नेट खातंय’ नाहीतर ‘आता म्हातारा झाला’. मुळात मंदावलेला कॉम्प्युटर बहुतेक वेळा दमलेला नसतोच. तो कशाची तरी वाट बघत थांबलेला असतो. कशाची, ते शोधायचं.

शोधायला विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबावं. टास्क मॅनेजर उघडतो. (तोच उघडायला दहा-पंधरा सेकंद लागले, तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.) त्यातल्या ‘परफॉर्मन्स’च्या पानावर चार आलेख शेजारी-शेजारी दिसतात. या घरात सीपीयू १८ टक्क्यांवर होता, म्हणजे जवळजवळ रिकामा. मेमरी ७४ टक्के. इथरनेटचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा: एकदम १९०, मग धाडकन शून्य, काही सेकंदांनी पुन्हा १९०. आणि डिस्क १०० टक्के, आलेखाची रेघ वरच्या कडेला चिकटलेली. त्या शंभराखाली मात्र लिहिण्याचा वेग सेकंदाला जेमतेम १४ एमबी होता. हा शंभरचा आकडा अनेकांना फसवतो, कारण तो वेग सांगत नाही. दिलेल्या वेळातला किती वेळ डिस्क कामात अडकलेली होती, एवढंच तो सांगतो. खरी नाडी त्याच्या शेजारी असते, ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’. हार्ड डिस्कसाठी हा दहा-वीस मिलिसेकंद असला तर सगळं ठीक. तो पाचशे-सातशेच्या घरात गेला, की प्रत्येक मागणी अर्धा-पाऊण सेकंद ताटकळते, आणि एका क्लिकमागे अशा कितीतरी मागण्या असतात. करवतीचा आलेखही हेच सांगत होता. नेटवरून माल येतो, डिस्क म्हणते थांबा, नेट थांबतं, डिस्क जरा मोकळी होते, पुन्हा माल येतो.

हार्ड डिस्कच्या आत एक तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असते. म्हणजे एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत. हवी ती जागा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, आणि त्याआधी हेडची दांडी योग्य पट्ट्यावर न्यायला साधारण ९. एकूण तेरा. म्हणजे जागा गाठायच्या अशा खेपा सेकंदाला पंचाहत्तरच्या आसपास, त्याहून जास्त नाही. आता पंगत आठवा. वाढपी पातेलं घेऊन ओळीने निघाला, तर बघता बघता शंभर पानांवर भात पडतो. त्यालाच एक जण या टोकाहून हाक मारतोय, दुसरा त्या टोकाहून, तिसरा वरच्या गच्चीतून, असं झालं तर त्याचा सगळा वेळ चालण्यात जातो आणि वाढणं होतं चमचाभर. डिस्कचं तंतोतंत असंच आहे. एका ओळीत लिहायचं असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी लिहिते. चार-चार केबीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी टाकायचे असतील, तर पंचाहत्तर गुणिले चार, म्हणजे तीनशे केबी. तीच डिस्क, आणि वेगात तीनशे ते पाचशे पटींचा फरक. कान दिला तर हा फरक ऐकूही येतो. सरळ लिहिताना नुसती संथ घरघर, आणि धावपळ सुरू झाली की तांदूळ निवडताना सुपात होते तशी अखंड कुरकुर.

हाका मारणारे कोण, हे ‘रिसोर्स मॉनिटर’मधल्या डिस्कच्या पानावर नावानिशी दिसतं. गेमचा प्रोग्राम छोटे दाबलेले तुकडे आणतो, ते उलगडतो आणि अनेक फाइल्समध्ये ठिकठिकाणी बसवतो. उतरलेली प्रत्येक फाइल ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, लगेच उघडून तपासतो. पाठोपाठ सर्चची अनुक्रमणिका बनवणारा प्रोग्राम नवीन काय आलं ते नोंदवायला येतो. डाउनलोड डेस्कटॉपवर ठेवलं असेल आणि डेस्कटॉपची प्रत क्लाउडवर जात असेल, तर तीच फाइल वर पाठवायला आणखी एक जण ती वाचू लागतो. आणि रॅम, म्हणजे आलेखातली मेमरी, अपुरी पडली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवरच्या पेजफाइल नावाच्या फाइलमध्ये ठेवून देतं. इथेच त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. टायपिंगला नेट लागत नाही हे खरं, पण वर्ड प्रोसेसरचा एखादा भाग, मराठी कीबोर्डचा शब्दसंग्रह किंवा एखादा फाँट रॅममधून बाहेर काढला गेलेला असतो आणि तो परत आणायला डिस्ककडेच जावं लागतं. ‘च्या’ हे अक्षर साठ जीबीच्या गेमच्या मागे रांगेत उभं होतं.

आपल्याकडच्या जुन्या कॉम्प्युटरांत आणखी एक गोष्ट हमखास सापडते. विकणाऱ्याने एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून दिलेले असतात, आणि घरातल्यांना वाटतं या तीन डिस्क आहेत. मग झिप फाइल डीवर उतरवायची आणि सीवर उघडायची, असं चालतं. वाचायला हेड एका टोकाला, लिहायला दुसऱ्या टोकाला. झिपमधून फाइल ओढून बाहेर टाकली, तर ती आधी सीवरच्या तात्पुरत्या फोल्डरात उलगडली जाते आणि तिथून पुढे नेली जाते, म्हणजे तेच ओझं दोनदा वाहायचं. एकाच डिस्कवर काम करायचं असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ केलेलं बरं, आणि तेही डाउनलोड पूर्ण संपल्यावर.

नेट पाचपट झालं होतं. डिस्क तीच होती.

आधी सेकंदाला पाच एमबी यायचे, तेव्हा दोन खेपांच्या मधे डिस्कला उसंत मिळत होती आणि त्या उसंतीत बाईंची अक्षरं निघून जात होती. आता पंचवीस एमबी येऊ लागले आणि उसंत संपली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीतर्फे. डायल-अपचा तो किरकिरणारा सूर ज्यांनी ऐकलाय, त्यांना ५६ के मॉडेमवर सेकंदाला चार-पाच केबी मिळाले की वाटणारं समाधानही आठवत असेल. पाच एमबीचं एक गाणं उतरायला पंधरा-वीस मिनिटं, आणि मधेच कुणी फोन उचलला की संपलं. नंतर बीएसएनएलच्या ज्या योजनेत रात्री दोन ते आठ डाउनलोड मोफत असायचं, तिच्यासाठी कितीतरी घरांत दोनचा गजर लागायचा. त्या काळात डाउनलोडमुळे कॉम्प्युटर अडला, असं कुणी म्हणत नसे. तार इतकी बारीक होती की डिस्क तिच्या पुढे नुसती बसून असे. तेव्हापासून तार चार केबीवरून पंचवीस एमबीवर आली, म्हणजे पाच-सहा हजार पटींनी रुंद झाली. डिस्कची साठवण वाढली, सरळ लिहिण्याचा वेगही वाढला, पण ती दांडी एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर न्यायला तेव्हाही नऊ-दहा मिलिसेकंद लागत आणि आजही लागतात. धातूच्या तुकड्याला वजन आहे, त्याला तेवढा वेळ लागणारच. मला या दांडीबद्दल फार आदर वाटतो. दहा-दहा वर्षं ती कागदाच्या जाडीहून किती तरी कमी अंतरावरून तबकडीवर तरंगत असते, आणि तिच्या वाट्याला येतं ते ‘डबडं झालंय’ हे वाक्य.

उपायांत सर्वात आधी फुकटचा. डाउनलोडचा वेग आपणच कमी करायचा. गेम उतरवणाऱ्या स्टीम या प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड्सच्या पानावर मर्यादा घालता येते, टॉरेंटच्या प्रोग्राममध्ये येते, स्वतंत्र डाउनलोड मॅनेजरमध्येही येते. ब्राउझरमध्ये तशी सोय सहसा नसते, म्हणून मोठ्या फाइल्स ब्राउझरवर न सोपवलेल्या बऱ्या. मर्यादा घालताना बिट आणि बाइटचा घोळ मात्र होऊ देऊ नये. कंपनी सांगते ते दोनशे मेगाबिट, त्याला आठने भागलं की पंचवीस मेगाबाइट. हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर आठ मेगाबाइटवर अडवून बघावं आणि टास्क मॅनेजरमधला रिस्पॉन्स टाइम पन्नासच्या खाली येतो का ते पाहावं. न आल्यास आणखी कमी. साठ जीबी पंचवीसने चाळीस मिनिटांत येतात, आठने दोन तास पाच मिनिटांत. पण ती चाळीस मिनिटं कागदावरचीच होती. करवतीच्या आलेखात प्रत्यक्षात दीड तास जात होता, आणि त्या दीड तासात घरात दुसरं काहीच होत नव्हतं. टॉरेंट असेल तर एका वेळी एक-दोनच फाइल्स चालू ठेवाव्या, आणि अपलोडलाही मर्यादा घालावी. विंडोज स्वतःचे अपडेट्स त्याच वेळी आणत असेल, तर अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये त्याचाही वाटा ठरवून देता येतो. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढून टाकावा, कारण एकाने उघडलेली फाइल दुसराही तपासू लागतो. अँटीव्हायरस पूर्ण बंद करा, असा सल्ला मी देणार नाही. बाहेरून काहीतरी घरात येत असतानाच दार सताड उघडं ठेवल्यासारखं होतं ते.

यानंतरची गोष्ट जरा कळकळीने सांगतो. कॉम्प्युटर स्लो झाला की दुकानात नेतात, आणि तिथे ‘फॉरमॅट मारू, पळायला लागेल’ असं ऐकायला मिळतं. पळतोही, काही आठवडे. पण डिस्क मंद असणं आणि डिस्क मरणपंथाला लागणं, या दोन्हींची बाहेरून दिसणारी लक्षणं सारखीच असतात: आलेख शंभरावर, माउस थिजलेला. म्हणून हात लावण्याआधी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखा छोटा मोफत प्रोग्राम चालवून डिस्कची प्रकृती बघावी. ०५ क्रमांकाच्या ओळीत निकामी होऊन बदललेल्या जागा मोजलेल्या असतात, आणि ‘सी५’ या ओळीत वाचता न येणाऱ्या, निकालाची वाट बघणाऱ्या जागा. सी५ मध्ये शून्याहून मोठा आकडा असेल आणि तो दिवसागणिक वाढत असेल, तर डाउनलोड थांबवा, डिफ्रॅग (फाइल्सची फेरमांडणी) करू नका, फॉरमॅटचा विचारही नको. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. अशी डिस्क एकेका जागेपाशी पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत काही सेकंद अडकते. तिला मंद म्हणून शिव्या देतात, ती तर मरता मरता तुमचा एक फोटो वाचवायचा प्रयत्न करत असते. फॉरमॅटच्या नावाखाली मुंजीचे, बारशाचे फोटो गेलेली घरं पाहिली की पोटात कालवतं. आणि ‘सी७’ या ओळीतला आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिच्या केबलचा असतो. ती बदलली की कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

डिस्क ठणठणीत असेल तरी अशा मशीनला खरा उतारा एसएसडीच, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यात तबकडी नाही, दांडी नाही. एखादी जागा शोधायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो, म्हणजे त्या पंचाहत्तर खेपांच्या जागी हजारो. जुन्या डेस्कटॉपला अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी बसते. दोन केबल लागतात, एक अरुंद माहितीची आणि एक रुंद विजेची. जुन्या डिस्कची नक्कल नव्यावर काढल्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना फक्त नवीच जोडलेली ठेवावी, नाहीतर मशीन गुपचूप जुन्यावरूनच सुरू होतं आणि ‘पैसे घालवून काही फरक नाही’ असं वाटत राहतं. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडून नव्या डिस्कसमोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असं लिहून आलंय ना, तेही एकदा पाहून घ्यावं. तिलाही स्वतःच्या मर्यादा आहेत. स्वस्त एसएसडी पहिले काही जीबी आपल्या वेगवान कोपऱ्यात झेलते आणि तो भरला की एकदम मंदावते. गच्च भरली तर हा कोपराच आकसतो, म्हणून पाचवा हिस्सा रिकामा ठेवावा. जुनी हार्ड डिस्क फेकायची गरज नाही, साठवणीसाठी ती उत्तम. मात्र आजच्या बऱ्याच मोठ्या हार्ड डिस्कमध्ये पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. कोकणातल्या घरावरचं एक कौल बदलायचं तर शेजारची चार उचलावी लागतात, तसं तिथे एक तुकडा बदलायला आजूबाजूचे पुन्हा लिहावे लागतात. एकदा भरून ठेवायला चांगली, टॉरेंट उतरवायला वाईट.

रांग दर वेळी डिस्कपाशीच असते असं नाही. टास्क मॅनेजरमध्ये चारही आलेख शांत आहेत, तरी डाउनलोड चालू असताना पानं उघडत नाहीत, दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ कॉल थिजतो, तेव्हा रांग राउटरपाशी असते. कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग लिहावं, स्पेस द्यावी, चार वेळा आठ मधे टिंबं देऊन लिहावे, पुन्हा स्पेस आणि डॅश टी. छोटासा निरोप नेटवरून जाऊन परत यायला किती वेळ लागला, ते हे सांगतं. नेट मोकळं असताना आकडा दहा-वीस मिलिसेकंद दिसेल. आता डाउनलोड सुरू करा. तोच आकडा तीनशे-चारशेवर गेला, तर निदान झालं. जिम गेटिस या प्रोग्रामरना २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरातल्या कनेक्शनवर हेच दिसलं आणि या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव मिळालं. राउटर आणि मॉडेममध्ये थांबायला जागा जास्त ठेवली, म्हणजे माल सांडू नये म्हणून. पण मोठी जागा मिळाली की मोठी रांग लागते. पंढरपूरला आषाढीत दर्शनबारीत उभं राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पदस्पर्शाच्या रांगेत माणूस तासन् तास उभा असतो, आणि ज्याला दोन क्षण मुखदर्शन घेऊन परत फिरायचंय त्याच्यासाठी वेगळी रांग काढलेली असते. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्क-संशोधकांनी २०१२ मध्ये रांगेत कोण किती वेळ ताटकळलंय ते मोजून तिला आवर घालणारी पद्धत मांडली. पुढे तिच्याच जोडीला प्रत्येक प्रवाहाला स्वतंत्र रांग देण्याची सोय आली. आज राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट) असं काही दिसलं, तर ते हेच. ते चालू करून वेग मुद्दाम कनेक्शनच्या ८५ ते ९० टक्के ठेवायचा, दोनशेला १७०-१८०, म्हणजे रांग आपल्या राउटरच्या ताब्यात राहते. हे जेकबसन तेच, ज्यांनी १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बर्कलीतल्या दोन संस्थांमधली, जेमतेम चारशे यार्डांवरची जोडणी सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर कोसळलेली पाहिली आणि ती का कोसळली याचा छडा लावला. त्यांनी घालून दिलेला वेग आवरण्याचा धडा आपल्या बहुतेक डाउनलोडमध्ये आजही चालतो.

केबलकडेही एकदा वाकून बघावं. एक गिगाबिटचा वेग मिळायला तारेतल्या चारही जोड्या धड लागतात. घाईत कनेक्टर ठोकताना एखादी तार नीट बसली नाही, तर दोन्ही टोकं मुकाट्याने शंभर मेगाबिटवर उतरतात, आणि दोनशेचं कनेक्शन चौऱ्याण्णव-पंच्याण्णवला अडकतं. वेगाची चाचणी वारंवार या आकड्यावर येत असेल, तर दोष केबलमध्ये शोधावा.

आणि एक प्रकार असा, की ज्यात काहीच मंद नसतं. बाहेरच्या यूएसबी ३.० डिस्कवर डाउनलोड चालू असतं आणि माउसचा बाण अडखळत, उड्या मारत चालतो. सगळे आलेख स्वच्छ. कारण इतकं साधं की विश्वास बसत नाही: यूएसबी ३.० च्या तारेतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, आणि बिनतारी माउस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. माउसचं चिमुकलं रिसीव्हर त्या डिस्कला खेटून लावलेलं असतं. ते कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लावलं, किंवा हातभर यूएसबी एक्स्टेन्शनवर लांब नेलं, की बाण लोण्यासारखा फिरतो. यासाठी नवीन रॅम विकत घेतलेले लोक आहेत.

त्या घरात सी५ शून्य होता. मर्यादा आठ मेगाबाइटवर आली, मुलाने थोडी कुरबुर केली आणि मग त्यालाच रिस्पॉन्स टाइमचा आकडा उतरताना बघायची गंमत वाटू लागली. सातशे, दोनशे, साठ, पस्तीस. पेटीतली कुरकुर थांबून नुसती घरघर उरली. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा नीट केला आणि ‘सभेच्या अध्यक्षस्थानी’ पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. या वेळी त्या कीबोर्डकडे बघत नव्हत्या, स्क्रीनकडे बघत होत्या. प्रत्येक अक्षर बोटाखालून निघाल्याबरोबर समोर येत होतं. मागच्या खिडकीत गेमचे एक तास अठ्ठावन्न मिनिटं उरले होते.